कान बंद, पुकारा चालू

सेवा: सरकारी दवाखाना, ओपीडी. तक्रार: उजवा कान बंद. फेऱ्या: ३. प्रत्यक्ष उपचाराला लागलेला वेळ: तिन्ही फेऱ्या धरून दहा मिनिटांच्या आत. माझे गुण: ५ पैकी अडीच, आणि त्यातले दोन एकट्या सिस्टरचे.

आधी एक सांगून टाकते. मी तीस वर्षं कॅश काउंटरवर काढली आहेत. रांगेकडे काचेच्या आतल्या बाजूनं बघायची मला सवय. त्यामुळे खिडकीतला माणूस वैतागलाय म्हणून मी कधी कोणाला नावं ठेवत नाही. समोर साठ डोकी असली की कोणाचाही आवाज चढतो. माझाही चढायचा. तेव्हा खालचं सगळं ‘सरकारी म्हणजे असंच’ या चालीवर वाचू नका.

झालं असं. सोमवारी जायच्या आधी तीन दिवस, शुक्रवारी, केस धुतले आणि उजवा कान बंद झाला. पाणी गेलं असेल म्हणून मान वाकडी करून एका पायावर उड्या मारल्या, तळव्यानं थापटलं. काही नाही. मग करायला नको तेच केलं, कॉटन बड घातला. कानात आधी थोडीतरी फट होती, तीही बुजली. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागला. चावलं की जात्यात बसल्यासारखं वाटायचं. दुखत काहीच नव्हतं. पण एक कान बंद असला की माणूस अर्धा चिडलेला आणि अर्धा बावळट होतो, हे मला नव्यानं कळलं.

सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीशी. नाव, वय, पत्ता, फोन, आधी कधी आला होता का, जुना कागद आणलाय का. सगळं विचारलं. काय होतंय, ते तेवढं विचारलं नाही. मीच सांगायला गेले तर हातानंच ‘आत सांगा’ अशी खूण. हातात केसपेपर, त्यावर कोपऱ्यात निळ्या पेननं ६६.

त्या वेळी आत तेविसावा पेशंट होता. म्हणजे माझ्या पुढे ४३. मी सवयीनं घड्याळ लावलं. पुढचे दहा नंबर जायला ३५ मिनिटं लागली, म्हणजे दर माणशी साडेतीन. ४३ गुणिले साडेतीन, अडीच तास. (घरी मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, याला लिटलचा नियम म्हणतात, १९६१ मध्ये जॉन लिटल नावाच्या माणसानं तो गणितानं सिद्ध केला. म्हटलं, बरं केलं, आम्ही तो जेवणाच्या सुट्टीआधी रोज सिद्ध करायचो.) सांगायचा मुद्दा हा, की अडीच तास थांबायला माझी हरकत नव्हती. अडीच तास लागणार आहेत हे कोणी सांगितलं असतं तर मी दोन कामं उरकून आले असते. पण तिथं कोणी उठत नाही, कारण पुकारा एकदाच होतो, आणि नंबर गेला की शेवटी.

आता पुकाऱ्याकडे येते.

वेटिंगच्या जागेत तीन दारं. एक डॉक्टरांचं, एक ड्रेसिंगचं, एक इंजेक्शनचं. तिन्हींचे नंबर एकच मावशी पुकारतात, ज्या दारात असतील तिथून. भिंतीवर फळा आहे. त्यावर कधीच्या तरी लसीकरणाची तारीख अर्धी पुसलेली, खाली ‘कृपया शांतता राखा’. ती शांतता फक्त फळ्यावर.

मला जागा मिळाली ती अशी, की उजवा कान दारांकडे. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, वळायची सोय नाही. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. एका कानात तो दुसऱ्यापेक्षा किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतं, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ठरवतो. एक कान बंद म्हणजे हिशोबाला दुसरी बाजूच नाही. सगळे आवाज मला डावीकडून, म्हणजे भिंतीतून येत होते.

त्यात माझा नंबर साठीतला. चाळिशीत असता तर निभावलं असतं. साठीतले आकडे जरा मोठ्यानं म्हणून बघा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. त्या गोंगाटात मला पोचत होतं ते फक्त शेपूट. ‘...सष्ट!’ मी उठले. मावशींनी केसपेपर बघितला, “अहो एकसष्ट म्हटलं मी.” बसले. ‘...सष्ट!’ उठले. बासष्ट. बसले. त्रेसष्टला ड्रेसिंगच्या दारात गेले, तिथं एक मुलगा गुडघा सोलून बसला होता, त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. चौसष्टला शेजारच्या आजी म्हणाल्या, “बस गं बाई, घाई काय आहे.” पासष्टला मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून पुढच्या ‘...सष्ट’ला मी ठामपणे बसून राहिले.

तोच माझा होता.

कळलं तेव्हा सत्तरावा आत गेला होता. मावशींना म्हटलं, मला ऐकू येत नाहीये, त्यासाठीच तर आलेय. त्या म्हणाल्या, “मग कोणाला तरी सोबत आणायचं ना.” खोटं नाही सांगत, त्या उत्तरावर मला हसूच आलं. मोतीबिंदूवाल्यांना पाटी वाचून दाखवायला, गुडघेवाल्यांना उभं राहायला, सगळ्यांनी एकेक धडधाकट माणूस घेऊन यावं.

पण मावशी वाईट नाहीत. एका नंबरनंतर त्यांनी मला आत सोडलं, बाहेरच्यांची बोलणी स्वतः खाल्ली.

आत डॉक्टर तरुण, डोळे तारवटलेले. माझ्या वाट्याला फार तर दोन मिनिटं आली असतील. पण ती दोन मिनिटं खरी होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कानाची पाळी वर आणि मागे ओढून (मोठ्या माणसाची कानाची नळी अशानं सरळ होते) त्यांनी दिव्याच्या नळीतून आत बघितलं. “मळ आहे. गच्च.” मग ड्रॉवरमधून स्टीलचा दोन टोकांचा चिमटा काढला. ट्यूनिंग फोर्क. तो मनगटाच्या हाडावर ठोकला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या बरोबर मध्यावर टेकवली.

“आवाज कुठे जास्त येतोय?”

मला वाटलं माझं डोकं बिघडलं. आवाज बंद कानात येत होता! चांगल्या कानात जवळपास नाहीच. घाबरत सांगितलं, तर ते म्हणाले, “छान.” मग तोच चिमटा आधी कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरला. मागे मोठा ऐकू आला, पुढे बारीक. पुन्हा “छान.”

त्यातलं छान काय होतं ते मी विचारलंच. त्यांनी केसपेपरवर लिहिता लिहिता दोन वाक्यांत सांगितलं. वाट तुंबली असेल, म्हणजे मळ, पाणी असं काही, तर हाडातून आलेला आवाज त्याच कानात मोठा वाटतो. आतली नस गेली असेल तर उलट, आवाज चांगल्या कानाकडे जातो. पहिली परीक्षा वेबरची, दुसरी रिनेची. रिने या जर्मन डॉक्टरांनी ती १८५५ मध्ये मांडली, हे मी नंतर वाचलं. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जुनी युक्ती, वीज नको, यंत्र नको. ओठ मिटून ‘हूं’ असा सूर धरला तरी ढोबळमानानं हेच कळतं. मी घरी येऊन करून बघितलं. सूर सरळ उजव्या कानात जाऊन बसला.

आणि इथंच माझी खरी तक्रार आहे. अचानक, काही कारण नसताना एक कान जाणं, तेही मळ नसताना, ही घाईची गोष्ट असते. नसेवर परिणाम झालेला असेल तर उपचार जितके लवकर तितकं बरं, आठवडे घालवून चालत नाही. असा माणूस त्या खिडकीशी आला असता तर त्यालाही नाव, वय, पत्ता विचारून ६७ नंबर मिळाला असता. माझ्यासारखाच तो भिंतीतून येणारे ‘सष्ट’ ऐकत बसला असता. ‘काय होतंय, कधीपासून’ हे दोन प्रश्न विचारायला वीस सेकंद लागतात. कॅशला आम्ही आधी विचारायचो, भरायचेत की काढायचेत? फॉर्म त्यानंतर.

डॉक्टरांनी अजून तीन गोष्टी विचारल्या. कान कधी वाहिलाय का, पडद्याला भोक आहे असं कोणी सांगितलंय का, कानाचं ऑपरेशन झालंय का. तिन्हीला नाही. यातलं एकही हो असेल तर पाण्यानं कान धूत नाहीत. मग सोडियम बायकार्बोनेटचे थेंब लिहून दिले, “पाच दिवस घाला, मऊ होईल, मग धुऊन देतील. पाच दिवसांनी या.”

औषधाच्या खिडकीबद्दल थोडक्यात. ती कंबरेच्या उंचीवर आहे आणि काचेला वाटीएवढं भोक. बोलायचं असेल तर वाकून तोंड भोकाशी न्यायचं, ऐकायचं असेल तर कान. दोन्ही एकदम जमत नाही. मी डावा कान लावून वाकले तेव्हा आतला माणूस काहीतरी म्हणाला, मी तोंड लावून “काय?” म्हटलं, पुन्हा कान लावला तोवर त्याचं बोलून झालं होतं. असं तीनदा. शेवटी त्यानं केसपेपरवरच लिहून दिलं: संपले, बाहेरून घ्या. त्या दिवशी मला लेखी मिळालेली ही एकमेव सूचना.

थेंबांबद्दल एक गोष्ट मला आधी कोणी सांगायला हवी होती, ती मी तुम्हाला सांगते. पहिले एक-दोन दिवस कान आणखी बंद होतो. मळ भिजून फुगतो म्हणून. मंगळवारी रात्री मला उजवीकडचं काही म्हणजे काही ऐकू येईना, तेव्हा मी बाटली फेकून द्यायला निघाले होते. मुलीनं माहिती शोधून थांबवलं. कुशीवर झोपायचं, बंद कान वर, थेंब सोडायचे, पाच मिनिटं हलायचं नाही. बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो. तो एवढाच काय तो करमणुकीचा भाग.

सोमवारपासून पाच दिवस म्हणजे शनिवार. मी शनिवारी गेले. पुन्हा खिडकी, पुन्हा नंबर (यावेळी ३८, देवाची कृपा), पुन्हा सव्वा तास. ड्रेसिंगच्या दाराशी पोचले तर आतून उत्तर आलं, “कान धुणं मंगळवारी आणि शुक्रवारी.”

“डॉक्टर पाच दिवसांनी या म्हणाले होते.”

“हो, पण मंगळवार-शुक्रवार. लिहिलंय की.”

कुठे? तर दार उघडं असताना भिंतीला टेकतं, त्या दाराच्या आतल्या बाजूला. दार बंद केल्याशिवाय कागद दिसत नाही, आणि दार बंद केलं तर तुम्ही आत असता किंवा बाहेर. आत असाल तर तुमचा नंबर लागलेलाच असतो. मी ते दार दोनदा उघडबंद करून बघितलं, विश्वास बसेना. कागदावर अक्षर मात्र सुंदर होतं. “मंगळवारपर्यंत थेंब चालू ठेवा,” एवढा आदेश घेऊन मी घरी.

या फेरीचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. डॉक्टरांना वार माहीत असेल, सांगायचं राहिलं. खिडकीवाल्याला मी धुवायला आलेय हे माहीत नव्हतं, कारण त्यानं विचारलं नाही. मावशींचं काम पुकारायचं. कागद लावणाऱ्यानं कागद लावला होता. प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं, आणि माझी शनिवारची सकाळ गेली होती.

मंगळवारी मी पर्समध्ये खडूची पेटी घेऊन गेले. हसू नका. शनिवारी मी मावशींना म्हटलं होतं, एवढा मोठा फळा आहे, चालू नंबर लिहीत का नाही? त्या म्हणाल्या होत्या, “खडू कुठाय?” आता खडू त्यांच्या हातात दिला तेव्हा त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग लसीकरणाची तारीख पदरानं पुसली आणि मोठ्ठा ७ काढला. वेटिंगमधली सगळी डोकी एकदम फळ्याकडे. समोरचे एक काका, कानाला मशीन लावलेले, उठून दाराच्या खुर्चीवरून मागच्या पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन निवांत बसले.

माझा नंबर १४. मला तो दिसला.

सिस्टर पन्नाशीच्या. ड्रेसिंग टेबलवर थर्मास, स्टीलची मोठी पिचकारी. त्यांनी माझ्या खांद्यावर प्लास्टिक पसरलं, किडनी ट्रे माझ्याच हातात देऊन कानाखाली दाबून धरायला सांगितला. मग पाण्याचे दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकले, थर्मासमधलं अजून थोडं ओतलं, पुन्हा मनगट. मी म्हटलं, सिस्टर, पाणी कसंही चालेल. त्या म्हणाल्या, “नाही चालत. थंड गेलं तर इथंच गरगरून पडाल.”

त्यांचं खरं होतं. पाणी शरीराइतकंच, ३७ अंशांच्या आसपास लागतं. थंड किंवा गरम असलं तर आतल्या कानातला द्रव हलतो आणि तोल जातो. रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांनी व्हिएन्नात पेशंटचे कान धुताना नेमकं हेच पाहिलं: थंड पाण्यानं डोळे एका दिशेला उडतात, गरमनं उलट दिशेला. त्यातून त्यांनी तोलाची परीक्षा बसवली आणि त्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. ते कळलं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. थर्मास आणि मनगटाच्या त्या खटाटोपाला एवढा इतिहास आहे हे सिस्टरना सांगायला मी पुन्हा जाणार आहे, म्हणजे कान पुन्हा बंद झाला तर.

“दुखलं तर लगेच सांगा, बोलून दाखवू नका, हात वर करा.” पाळी वर-मागे ओढली. पहिली पिचकारी. समुद्र कानात आल्यासारखा आवाज, पण दुखत नाही. त्या धार सरळ आत न मारता वरच्या कडेनं सोडत होत्या, पाणी मागून येऊन मळाला बाहेर ढकलतं. दुसरी. ट्रेमध्ये स्वच्छ पाणी. तिसरी, आणि एकदम कानात कोणीतरी दार उघडलं.

ट्रेमध्ये गुळाच्या रंगाचं, हरभऱ्याहून मोठं काहीतरी पडलं होतं. माझ्या अंगातून एवढं निघालं याचा मला अभिमान वाटला, तो का ते विचारू नका. आणि आवाज! नळाचं थेंब थेंब गळणं, सिस्टरच्या बांगड्या, प्लास्टिकची खसखस, बाहेर कोणाच्या तरी चपलेचं करकरणं. सगळं धारदार, जवळजवळ टोचणारं.

सिस्टरनी दिव्याच्या नळीतून बघितलं. “पडदा छान दिसतोय.” कान कोरडा केला. आणि मग मला झापलं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिची कातडी आतून बाहेर सरकत असते, जबडा हलला की मदत होते, मळ आपोआप बाहेर येतो. आपण कॉटन बड घालून त्याला परत आत लोटतो. “दागिना आहे का तो घासायला?” मी मान खाली घातली. “तुमचा चिकट प्रकारचा आहे, काहींचा कोरडा असतो,” त्या म्हणाल्या. हे एका जनुकावर ठरतं, २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. नवऱ्याचा कोरडा असावा, त्याला आयुष्यात कधी काही झालं नाही, आणि कॉटन बडची डबी आणतो तो.

हे सगळं पाच मिनिटांत. तेवढ्यात सिस्टरनी माझ्या केसपेपरवर ‘पुन्हा येण्याची गरज नाही’ असंही लिहिलं, वाचता येईल अशा अक्षरात. अडीचातले दोन गुण का, ते आता कळलं असेल. उरलेला अर्धा ट्यूनिंग फोर्कला.

जाणार असाल तर: कानासाठी मंगळवार किंवा शुक्रवार. थेंब आधी घालून जा. खिडकीशी त्यानं विचारलं नाही तरी काय होतंय आणि कधीपासून ते दोनदा मोठ्यानं सांगा. बसताना चांगला कान दारांकडे येईल अशी खुर्ची धरा. आणि ड्रेसिंगच्या दारामागे बघून घ्या, कागद बदललेला असू शकतो.

बाहेर आले तेव्हा फळ्यावर १९ होता. मावशी डॉक्टरांच्या दारातून ३१ पुकारत होत्या, खडू कानावर पेन्सिलीसारखा खोचलेला. कानाला मशीनवाले काका पंख्याखाली बसून १९ कडे बघत होते. मी त्यांच्या केसपेपरवरचा आकडा बघून त्यांना दारापर्यंत सोडलं. ३२ चा पुकारा मला फाटकाबाहेर ऐकू आला, आणि बरोबर उजवीकडून.